लॉग दाखवा

शहापूर-मुरबाड पट्ट्यातल्या कॉलेजांना मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या भेटीची तारीख कळली, की पहिला फोन रंगाऱ्याला जातो आणि दुसरा भाऊंना. रंगाऱ्याकडे भिंती, भाऊंकडे कोहा.

कोहा हे लायब्ररीचं सॉफ्टवेअर. फुकट मिळतं, म्हणून खरेदी समिती बसवावी लागत नाही. आणि पर्लमध्ये लिहिलेलं आहे, म्हणून बिघडलं की सगळे हात वर करतात. लॅरी वॉल यांनी १९८७ साली आणलेली ही भाषा आपल्याकडच्या क्लासच्या बोर्डांवर आता दिसत नाही. टॅली दिसतं, पायथन दिसतं. त्यामुळे आसनगावपासून सरळगावपर्यंत ‘पर्लचे एक्स्पर्ट’ अशी भाऊंची ख्याती आहे. भाऊंचं दुःख निराळंच: पर्लसाठी बोलावतात सगळे, पण पर्ल कधी बिघडलेलं नसतंच.

वय पन्नाशीकडे झुकलेलं, शर्टाच्या खिशात दोन पेनड्राइव्ह आणि एक स्क्रूड्रायव्हर, ओठांवर कायम एकच वाक्य: “आधी लॉग दाखवा.” घरातही तेच. पोटात दुखतंय म्हणणाऱ्या मेव्हण्याला ते विचारतात, “कधीपासून? त्याच्या आदल्या दिवशी काय बदललं?” म्हसाच्या जत्रेत एकदा बैल बघायला गेले. विकणारा म्हणाला, “बैलात काही खोड नाही.” भाऊंनी आधीचे तीन मालक, त्यांची गावं आणि विकण्याची कारणं विचारली. बैल राहिला तिथेच. विकणारा मात्र उठून गेला.

परवा मुरबाडकडच्या एका कॉलेजातून बोलावणं आलं. सोमवारी नॅकची टीम आणि कोहाच्या पडद्यावर ‘इंटरनल सर्व्हर एरर’.

“भाऊ, कालपर्यंत व्यवस्थित चालत होतं,” लायब्ररीच्या मॅडम म्हणाल्या. “आम्ही काहीच केलं नाही.”

हे वाक्य ऐकलं की भाऊ खुर्ची ओढून गप्प बसतात. चहा येतो, आणि चहाच्या मागोमाग खरं बाहेर पडायला लागतं.

“म्हणजे, भिंत रंगवायची होती म्हणून मामांनी मशीन सरकवलं.”

“बरं.”

“मग त्या प्लगला रात्रभर पंखा लावला. रंग वाळायला.”

“बरं.”

“सकाळी पुस्तकं शोधली तर एकही सापडेना. म्हणून कॉम्प्युटरच्या सरांनी ते ट्रिपल सेव्हन केलं. सगळ्यालाच.”

भाऊंची बशी ओठांशीच थांबली. ट्रिपल सेव्हन म्हणजे प्रत्येक फाइल कोणीही वाचावी, कोणीही बदलावी, कोणीही चालवावी. सरांचा हेतू उदार, पण लिनक्सला असलं औदार्य सोसत नाही. परवानग्यांची फाइल सगळ्यांना लिहिता येते असं दिसलं, की मुख्य चालकाच्या हक्काने आज्ञा चालवून देणारं ‘सुडो’ काम करायला साफ नकार देतं. डेटाबेस आपली उघडी पडलेली कॉन्फिग फाइल वाचतच नाही. पेनड्राइव्हवरून मशीन उठवून एकेक परवानगी जागेवर बसवण्यात भाऊंची दुपार गेली.

मग लॉग, म्हणजे मशीनची रोजनिशी, उघडला. पडदाभर ओळी सरकताना पाहून प्राचार्यांनी विचारलं, “व्हायरस आहे का हो?”

“सर, खालून वाचू नका. सगळ्यात वरची पहिली चूक धरायची. बाकीच्या तिच्या मागून आल्यात.”

पहिली चूक झेब्राची निघाली. हा कोहाचा शोधाचा इंडेक्स. रात्री अचानक वीज तुटली तेव्हा तो मोडला. पुस्तकांच्या नोंदी डेटाबेसात शाबूत, शोधल्यावर मात्र शून्य. मॅडमना पटेना. भाऊ म्हणाले, “भातसा धरण शहापूर तालुक्यात आहे ना? पाणीही आहे ना? आणि उन्हाळ्यात गावात टँकर येतो ना? तसंच हे.” इंडेक्स पुन्हा बांधायला लावला आणि पुस्तकं दिसू लागली.

तेवढ्यात एक विद्यार्थिनी रडकुंडीला येऊन उभी राहिली. आज सकाळीच नेलेलं, एकशे ऐंशी रुपयांचं अर्थशास्त्राचं पुस्तक, आणि दंड पाच हजारांवर!

तारखेचा घोळ म्हटल्यावर भाऊंचे डोळे लकाकले. पर्लचं वेळेचं फंक्शन वर्षातून १९०० वजा करून देतं आणि महिने शून्यापासून मोजतं. ते विसरलेल्या कित्येक वेबसाइटांवर १ जानेवारी २००० ला ‘१९१००’ साल उगवलं होतं. कोहाचा जन्मही त्याच धास्तीतला: न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या लायब्ररीची जुनी यंत्रणा २००० साल पेलणार नव्हती, म्हणून हे सॉफ्टवेअर लिहून घेतलं गेलं. तेव्हा आज तरी खुद्द पर्लमधली चूक सापडणार, या आशेने भाऊंनी बाह्या सरसावल्या.

अर्ध्या तासाने त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढला. मदरबोर्डवरचा सेल मेलेला. प्लग काढल्यावर या जुन्या मशीनचं घड्याळ थेट १ जानेवारी २०१० वर गेलं होतं. राउटरही बंद, म्हणून खरी वेळ सांगायला कोणी नाही. सकाळी दिलेली पुस्तकं २०१० च्या हिशेबाने गेली. दुपारी नेट आलं, घड्याळ सुधारलं आणि पोरीच्या डोक्यावर पंधरा वर्षांचा दंड बसला. भाऊंनी सेल बदलला, दंड काढायला लावला आणि पर्लकडे एकदा हताशपणे पाहिलं.

रजिस्टरात त्यांनी लिहिलं, ‘सेल बदलला. परवानग्या पूर्ववत केल्या. इंडेक्स बांधला.’

क्लार्क म्हणाले, “भाऊ, सेलचं कळलं. बाकी पैसे कशाचे? ‘संपूर्ण सर्व्हर अद्ययावतीकरण’ लिहा, बिल लगेच पास होईल.”

“अद्ययावत कुठे केलं? होतं तसं केलं.”

“नॅकलाही दाखवता आलं असतं,” प्राचार्यांनी सुचवून पाहिलं. भाऊंनी खोटी नोंद लिहिली नाही.

महिन्याने त्यांनी फोन केला. “बिलाचं काय झालं?”

“भाऊ,” क्लार्क म्हणाले, “आम्ही काहीच केलं नाही.”

आयुष्यात पहिल्यांदाच हे वाक्य भाऊंनी लॉग न बघता खरं मानलं.