कुंडीमास्तर

न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी गोतावळ्यात एक गृहस्थ आहेत. सगळे त्यांना कुंडीमास्तर म्हणतात. कुणाच्याही घरी गेले की यजमानाआधी ते कुंडीची विचारपूस करतात. मातीत बोट खुपसतात, चिमूटभर माती नाकाशी नेतात आणि गंभीरपणे विचारतात, "हे पांढरे दाणे कसले?" दाणे परलाइटचे असतात. "काढून टाका," असा हुकूम सुटतो. यजमानांकडे सरडा सोडा, साधं मांजरही नाही, ही बाब ते गौण मानतात.

सरडा आहे तो त्यांच्या घरी. येमेनकडचा, डोक्यावर उंच तुरा असलेला शॅमेलिऑन. मादी, नाव राणीसाहेब. पिलू घेतानाच मास्तरांनी भिंगातून मागच्या टाचा तपासल्या होत्या, कारण नराला तिथे जन्मतःच नखी असते. राणीसाहेबांचा मुक्काम चार फूट उंच जाळीच्या पिंजऱ्यात. ही जात किड्यांबरोबर पानंही खाते आणि मास्तरांची झोप उडाली ती इथे.

नर्सरीत ते झाड विकत घेत नाहीत, त्याची चौकशी समिती बसवतात. फवारणी कसली केली? खताच्या गोळ्या घातल्यात का? विक्रेता म्हणतो, झाड अगदी टवटवीत आहे. मास्तर म्हणतात, "संशय तिथेच येतो." घरी आणलेल्या झाडाची मुळं धुतली जातात, पानं दोन्ही बाजूंनी पुसली जातात. राणीसाहेब वाटीतल्या साचलेल्या पाण्याकडे सहसा ढुंकून बघत नाहीत, पानांवरचे थेंब चाटतात. म्हणजे पानावर जे असेल ते पोटात. मग बिनखताच्या मातीत लावलेलं झाड काही आठवडे बाथटबमध्ये विलगीकरणात राहतं. कुटुंबाने आंघोळ कुठे करायची, हे कुटुंबाने बघावं.

मातीवर गोट्यांचा थर. गोटे तिच्या तोंडात मावणार नाहीत एवढे मोठे, कारण जीभ अंगापेक्षा लांब; नेम धरला नाकतोड्यावर, तरी त्याच्याबरोबर खडा आत गेला तर आतडं तुंबायचं.

जास्वंद, शेफ्लेरा, बेंजामिना फायकस पास झाले. वहिनींची कण्हेर गॅरेजमध्ये गेली, डिफेनबेकिया शेजाऱ्यांना बहाल झाला. घोडं अडलं मनीप्लांटपाशी. त्यातही डिफेनबेकियासारखेच ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. तरी शॅमेलिऑन पाळणारे तो वर्षानुवर्षं पिंजऱ्यात लावत आलेत आणि सरडे तो चघळत आलेत. मास्तर रोज बाजू बदलतात. सोमवारी वेल आत, मंगळवारी बाहेर.

"अहो, आमटीत मीठ किती पडलंय ते कधी विचारलंत का?" वहिनी म्हणतात. रक्तदाबाची गोळी फरसाणाबरोबर घेणारा हा माणूस त्यावर काही बोलत नाही.

एका बाबतीत मात्र मी मास्तरांच्या बाजूचा. मादी नराशिवायही अंडी घालते आणि त्यासाठी तिला खणायला ओलसर वाळूमाती लागते, फूटभर खोल. जागा मिळाली नाही तर अंडी पोटात अडकून ती दगावू शकते. बोगद्याचं छत ढासळलं तरी ती खणणं सोडते. म्हणून मास्तर आधी स्वतः खणून बघतात. ऑफिसची मीटिंग चालू, कॅमेरा चेहऱ्यावर, हात कोपरापर्यंत टोपात. साहेबांनी प्रकल्पाचं विचारलं. "छत टिकलं!" मास्तर म्हणाले. असल्या माणसाच्या हातात कुठलाही मुका जीव द्यायला हरकत नाही. घर मात्र देऊ नये.

पुण्या-नागपूरच्या वाचकांनी मात्र हे वाचून कुंड्या धुवायला घेऊ नयेत. आपल्याकडचा शॅमेलिऑन, म्हणजे घोयरा सरडा, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. त्याला घरात पाळणं गुन्हा आहे. रस्ता ओलांडताना दिसला तर गाडी थांबवा आणि त्याला पलीकडे जाऊ द्या. वेळ लागेल, हॉर्न वाजवू नका.