गादी नको म्हणणारा पोरगा

अहो वहिनी, जरा कुंपणाशी या. आमच्याकडे एक पोरगा आलाय, अ‍ॅलिस्टर नावाचा. छे हो, भाडेकरू कसला? लेकाच्या कॉम्प्युटरवरचा! तो खेळतो, मी मागे भाजी निवडत बसते. ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’, कॅनडातल्या बायोवेअरचा गेम, 2009 सालचा. जुना आहे, पण आपल्या मालिकावाल्यांनी शिकवणी लावावी असा.

आता घराणं ऐका. फेरेल्डनचा राजा मॅरिक. थोरला केलन गादीवर बसला, आणि हा धाकटा... लग्नाबाहेरचा. बरं, हळू बोलते. आई गढीवरची मोलकरीण, असंच याला सांगितलेलं. वाढवलं रेडक्लिफच्या एमन सरदाराने. पण सरदारीणबाई इसोल्ड! पोर सरदाराचंच आहे अशी कुजबुज झाली नि बाई बिथरली. दहा वर्षांच्या पोराला धाडलं धर्मपीठात. रागाच्या भरात त्याने गळ्यातलं आईचं लॉकेट भिंतीवर आपटून फोडलं. पुढे कळतं, सरदाराने ते जोडून स्वतःच्या टेबलात जपून ठेवलंय. माझी गवार तशीच राहिली हो हातात.

मग ऑस्टागरची लढाई. सेनापती लोगेन ऐन वेळी फौज घेऊन मागे फिरला. केलन गेला, आणि याला धर्मपीठातून सोडवून ग्रे वॉर्डनांत, म्हणजे राक्षसांशी लढणाऱ्या पथकात, घेणारा डंकनही गेला. उरला हा, आणि नुकताच भरती झालेला आपला खेळाडू. हा सीनियर, तरी म्हणतो, तू ठरव, मी येतो. मला वाटलं, आळशी दिसतोय. पण नाही! ढाल घेऊन सगळ्यांच्या पुढे उभं राहायला एका पायावर तयार. हुकूम सोडायची वेळ आली की मात्र विनोद सुरू. चीजचं तर भारी वेड.

गणपती मंडळाच्या अध्यक्षपदाला ‘नको नको’ म्हणत हारासाठी मान पुढे करणारे आपण कमी पाहिलेत का? याचं तसं नाही. राजा होणं तुझ्यासाठी नाही, हेच लहानपणापासून कानावर पडलेलं. डेनेरिममध्ये बहीण म्हणून गोल्डानाला शोधत गेला, तर ती धुणेवाली बाई पैशांवरच आली. तेव्हा खेळाडूने कान भरले, की जग आपमतलबीच, तूही स्वतःचं बघ, तर पुढे हाच गादीला तयार होतो. मला नाही ते पटत. राजा मिळतो, पण पोराचा भाबडेपणा जातो.

आणि एवढा गरीब गाय वाटणारा पोरगा अडला कुठे, ठाऊक आहे? सरदारांच्या सभेत लोगेन हरला, तर बाहेरून आलेला एक वॉर्डन म्हणतो, मारू नका, आपल्यात घ्या, उपयोगी पडेल. झालं! याला ठेवणार असाल तर मी चाललो, म्हणाला, आणि गेला की हो. असा सोडून गेला तर पुढच्या भागात कर्कवॉलच्या गुत्त्यात पीत बसलेला सापडतो म्हणे.

लेक म्हणतो, लोगेनला वाचवणं हिशेबाने बरोबर. असेल बाई! पण डंकनला ज्याने मरायला सोडलं, त्याच्या मांडीला मांडी लावून जेवायचं कसं?

तुमचा नातू खेळतो ना असले गेम? त्याला सांगा, लोगेनला सोडू नकोस आणि या पोराला बळजबरीने गादीवर चढवू नकोस. राज्य केलनच्या विधवेला, अनोराला दे. लोगेनचीच लेक आहे ती, पण कारभार तिला येतो, आणि हवाही आहे.