पत्रा वाजवून मजबुती कळत नाही

शोरूममध्ये रांगडी गाडी बघायला गेलेला माणूस आधी बॉनेटवर दोन टिचक्या मारतो. आवाज भरीव आला की खूश. "पत्रा दणकट आहे!" जाड पत्र्यावरची ही श्रद्धा आता सोडायला हवी, कारण तिच्यापायी माणसं जिवाला मुकतात.

एप्रिल २०२४ मध्ये गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपने महिंद्राच्या बोलेरो निओच्या आदळचाचणीचा निकाल जाहीर केला. लोखंडी चासीवर बांधलेली, चौकोनी, दिसायला भक्कम गाडी. पाचपैकी एक तारा मिळाला. त्याच कंपनीच्या थारला २०२० मध्ये चार तारे मिळाले होते आणि तीही चासीवरचीच. पुढे भारत एनकॅप या आपल्याकडच्या चाचणीत थार रॉक्सला पाच मिळाले. आदळल्यावर नाकाडाने चुरगळत धक्का पचवावा आणि माणसं बसतात तो पिंजरा जागचा हलू नये, हे आराखड्यातच ठरवावं लागतं. पत्रा वाजवून ते कळत नाही. अपघातात चेपलेली गाडी बघून लोक "डबा निघाली" म्हणतात. अहो, ती पुढून चेपली म्हणूनच आतला माणूस आपल्या पायांनी बाहेर आला!

जुन्या जीपची मजबुती वेगळीच होती. १९४१ ची विलीज अमेरिकी सैन्यासाठी बनली. वजन अकराशे किलोच्या आसपास, इंजिन साठ अश्वशक्तीचं, दारं नाहीत, पुढची काच बॉनेटवर आडवी पडायची. तिचं बळ हलकेपणात आणि साधेपणात होतं. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्राने तिची जोडणी आपल्याकडे सुरू केली आणि तिच्या वंशातल्या गाड्यांनी पुढे खेडीपाडी जोडली. कमानपाटा तुटला तर तालुक्याच्या गॅरेजात त्याच दिवशी दुसरा चढायचा. हे मोठंच काम होतं. पण प्रवासी भरून धावणाऱ्या वडापच्या मागच्या पायरीवर लटकलेल्या माणसाला वाचवायला त्या गाड्यांत काहीही नव्हतं. आत आडव्या बाकांवर दाटीवाटीने बसलेल्यांना साधा पट्टा नव्हता. "तशा गाड्या आता होणे नाही" असे उसासे मला म्हणूनच पटत नाहीत. तशा होऊ नयेतच.

गाडीची खरी ताकद खाली वाकल्याशिवाय दिसत नाही. चिखलात एक चाक गरगर फिरतं आणि त्याच्या जोडीचं ढिम्म उभं राहतं, हे पावसाळ्यात कुणी पाहिलं नाही? दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा साधा डिफरन्शियल सगळी फिरकी सोप्या वाटेने सोडतो, म्हणजे नेमका घसरणाऱ्या चाकाकडे. तो लॉक केला की दोन्ही चाकं एकत्र फिरतात आणि गाडी निघते. फोर्सच्या गुरखात पुढचा आणि मागचा, दोन्ही लॉक चालकाच्या हातात आहेत. थारच्या काही मॉडेलांत मागचा आपोआप लागतो, शिवाय घसरणाऱ्या चाकाला संगणक ब्रेक लावतो. मारुतीच्या जुन्या जिप्सीत पुढच्या चाकांना जोर मिळावा म्हणून त्यांचे हब हाताने फिरवायला भर चिखलात खाली उतरावं लागायचं. तेच काम आता आत बसल्या बसल्या होतं, ही खरी प्रगती आहे.

आणि मग २०२३ च्या जानेवारीत थार फोर बाय टू आली. तोच चेहरा, तीच उंची, पण पुढच्या चाकांना जोर नाही. शहरात वापरायला ती चांगली गाडी आहे आणि कुणी घेतली तर माझं काही म्हणणं नाही. पण ती घेऊन भिजलेल्या घाटवाटेवर किंवा नदीपात्रात उतरू नका. नुसता रुबाब चढावर ओढत नाही.

एक गोष्ट मात्र आपण खरोखर गमावली. सेन्सर बिघडला तर आता पाना चालत नाही, लॅपटॉप जोडावा लागतो, आणि तो जिल्ह्याच्या सर्व्हिस सेंटरमध्ये असतो. दुर्गम भागासाठी म्हणून गाडी विकायची आणि दुरुस्तीची किल्ली आपल्याच हातात ठेवायची, हे चूक आहे. तालुक्याच्या मेकॅनिकला बिघाडाचे कोड आणि सुटे भाग मिळालेच पाहिजेत.

शेवटचं, बुल बारबद्दल. कंपनीने मेहनतीने चुरगळणारं नाक बनवायचं आणि आपण पुढे लोखंडी दांड्यांचा सांगाडा ठोकायचा! धक्का मग त्या दांड्यांतून थेट चासीत जातो, एअरबॅगची वेळ चुकू शकते आणि समोर सायकलवाला आला तर त्याची गाठ थेट लोखंडाशी पडते. केंद्राने २०१७ मध्येच राज्यांना या दांड्यांवर कारवाई करायला सांगितलं आहे, तरी त्या जागोजागी बसवून मिळतात. तुमच्या गाडीला असेल तर याच आठवड्यात काढून टाका.