सहार ते जेएफके

मुंबईच्या सहार विमानतळापासून न्यूयॉर्कच्या जॉन एफ. केनेडी विमानतळापर्यंतचे कमीत कमी हवाई अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर भरते. भिंतीवरच्या नकाशात न्यूयॉर्क पश्चिमेला, किंचित वर दिसते. तेव्हा विमान अरबस्तान, उत्तर आफ्रिका करत अटलांटिक ओलांडणार, असे प्रवासी धरून चालतो. त्या रेघेने गेल्यास दीड हजाराहून अधिक किलोमीटर जास्त पडतील. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला तर तो मुंबईहून थेट वायव्येपेक्षाही उत्तरेकडे झुकतो, ६५ उत्तर अक्षांशाच्या जवळपास जातो आणि मग न्यूयॉर्ककडे उतरतो. समोरच्या पडद्यावरचे चिमुकले विमान ग्रीनलंडच्या दिशेने सरकू लागले, की मुलीकडे पहिल्यांदाच निघालेले आजोबा शेजाऱ्याला हळूच विचारतात, ‘‘रस्ता बरोबर आहे ना हो?’’ रस्ता बरोबरच असतो. मात्र कोणत्या देशाने आकाश कोणासाठी बंद केले आहे, यावर तो थोडाफार बदलतो.

ताशी ९०० किलोमीटरने हे अंतर चौदा तासांत संपावे. पण या अक्षांशांवर उंचावरचा वेगवान वायुप्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. त्यामुळे जाताना साधारण सोळा तास लागतात आणि येताना साडेचौदा. भाड्यात मात्र वाऱ्याची सूट मिळत नाही.

घड्याळाचा हिशेब याहून अजब आहे. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत न्यूयॉर्क भारताच्या साडेनऊ तास मागे असते, एरवी साडेदहा. उन्हाळ्यात रात्री दोनला मुंबई सोडणारा प्रवासी सोळा तास बसून, दोनदा जेवून, चार सिनेमे अर्धवट पाहून त्याच तारखेला सकाळी साडेआठला पोहोचतो. घड्याळाच्या मते प्रवास साडेसहा तासांचा. परतताना दुपारी बाराला निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला मुंबईत उतरतो. म्हणजे तोच प्रवास चोवीस तासांचा.

पुणेकराच्या बाबतीत यात आणखी भर पडते. दीडशे किलोमीटरचा रस्ता, घाटातल्या कोंडीचा अंदाज आणि विमानतळावर तीन तास आधी पोहोचण्याचा दंडक मिळून तो जेवणाच्या आधीच घर सोडतो. घरच्या काट्यावर २३ किलो भरलेली बॅग काउंटरवर हटकून २४.६ दाखवते. मग ती सर्वांदेखत फरशीवर उघडली जाते. भाजणीची पिशवी हातातल्या सामानात जाते, मेतकूट पर्समध्ये, आणि मे महिन्याच्या उकाड्यात आजोबांच्या अंगावर लोकरी कोट चढतो. ही पंधरा मिनिटे कोणत्याही वेळापत्रकात धरलेली नसतात. पलीकडच्या इमिग्रेशनच्या रांगेचेही तसेच. तेथून पुढे सामान तपासणारा अधिकारी ताजी फळे आत सोडत नाही, त्यामुळे हापूसचा प्रवास तिथेच संपतो.

शरीर सर्वांत शेवटी पोहोचते. ते नव्या वेळेशी दिवसाला साधारण एका तासाने जुळते, आणि बहुतेकांना पूर्वेकडे येताना अधिक त्रास होतो. मुंबईला परतल्यावर आठवडाभर रात्री तीनला पोह्यांची फोडणी बसते आणि दुपारी चारला घरातले सगळे घोरत असतात.