लाल डोळ्याचे सल्लागार

पोट बिघडलं तर ते आपल्यापाशी राहतं. गुडघा दुखला तर चाल सावरून घेता येते. लाल डोळ्याची मात्र सोय नाही. लिफ्टमध्ये पाऊल टाकायची खोटी, की चौथ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणणार, "उष्णता झाली तुम्हाला, धन्या-जिऱ्याचं पाणी घ्या." खाली वॉचमन गुलाबपाणी सुचवणार, आणि दूधवाल्याच्या गावाकडे तर थेट मधच घालतात. गुडघ्यात मध घालायला कोणी सांगत नाही. डोळ्याच्या बाबतीत मात्र प्रत्येकाला हक्क वाटतो.

पावसाळ्यात साथ आली की हा हक्क गल्लीभर पसरतो. 2023च्या जुलैत आळंदीतल्या मुलांचे डोळे आले आणि बघता बघता राज्यभर काळे गॉगल दिसू लागले. नजरेला नजर भिडली की डोळे येतात, ही समजूत अजून धडधाकट आहे. विषाणू बिचारा नजरेतून कुठला उडतोय? तो हातातून, टॉवेलातून, उशीच्या अभ्र्यातून जातो. गॉगलचा उपयोग एवढाच, की उजेड सुसह्य होतो आणि डोळा चोळायला गेलेला हात काचेवर आपटतो. गॉगल लावून तोच टॉवेल घरभर फिरवणारी मंडळी मी पाहिली आहेत.

साथीला नाव ठेवण्यात माणसं मोठी रसिक. 1969मध्ये घानात अशीच साथ आली, त्याच सुमारास माणूस चंद्रावर उतरला. लोकांनी आजाराचं नाव ठेवलं 'अपोलो'. 1971मध्ये बंगालात निर्वासितांच्या लोंढ्याबरोबर डोळे आले, ते 'जय बांगला' झाले. आमच्याकडे फक्त 'साथ आलीय'. नाव ठेवण्याइतका उत्साह आम्ही औषधं सुचवण्यात खर्च करतो.

गंमत अशी, की लाली किती आणि धोका किती याचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. शेजारच्या अण्णांना सकाळी सणसणीत शिंक आली आणि आरशात पाहतात तो बुबुळाशेजारच्या पांढऱ्या भागावर रक्ताचा लालभडक डाग. दुखत नाही, खुपत नाही, दिसतंय स्वच्छ. पण घरात रडारड. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का विचारलं, आणि "आठ-पंधरा दिवसांत आपोआप जाईल" म्हणून घरी पाठवलं. अण्णा जरा नाराजच झाले. एवढ्या लालीला निदान एखादं इंजेक्शन तरी हवं होतं.

आणि उसाची पात लागलेला शेतकरी? डोळा थोडासाच लाल, म्हणून तो मेडिकलमधून थेंब आणतो. त्यात स्टेरॉइड निघालं, तर आधी बरं वाटतं आणि आत बुरशी फोफावते. पात लागली, लेन्स घालून डोळा दुखू लागला, धूसर दिसू लागलं, उजेड सोसवेना, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांचं दार गाठावं. एक डोळा लाल, डोकं ठणकतंय, उलट्या होताहेत आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसताहेत, हे आमच्याकडे हमखास 'पित्त' ठरतं. तो काचबिंदूचा झटका असू शकतो. तिथे रात्र काढणंही महागात पडतं. तंबाखूच्या चुन्याची पुडी पोराच्या डोळ्यात फुटली, तर मात्र रिक्षा शोधण्याआधी नळ. साध्या पाण्याने चांगली वीसेक मिनिटं धुवायचं, चुन्याचे कण काढत, आणि मगच दवाखाना. त्या वीस मिनिटांत मध, तूप, गुलाबपाणी सुचवणाऱ्यांना पाण्याची बादली भरायला लावावं.

राहता राहिली फ्रीजच्या दारातली थेंबांची बाटली. उघडल्यावर महिनाभरात टाकून द्या, असं तिच्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. घरोघरी ती लोणच्याशेजारी पुढच्या साथीची वाट बघत उभी असते, आणि ती बारीक अक्षरं वाचायला डोळे धड असलेला माणूस घरात सापडेपर्यंत कोणी तरी दोन थेंब घातलेलेही असतात.