वसुलीचा फोन : उचलण्याची आणि ठेवण्याची शास्त्रोक्त पद्धत

प्रथम अधिकार. वसुलीच्या फोनांवर बोलायला स्वतः कर्ज काढावं लागतं, असा एक गैरसमज आहे. सोसायटीचं पीककर्ज सोडलं तर मी कर्ज म्हणून काढलेलं नाही, आणि तेही मार्चअखेर फेडत आलोय. तरी हे फोन मला येतात, कारण मला एक मामेभाऊ आहे. बंधुराजांनी मासळी आणि आंबा वाहायला एक जुनी पिकप घेतली, तिच्यावर कर्ज काढलं. अर्जात ‘संदर्भासाठी दोन व्यक्ती’ असा रकाना होता. पहिली व्यक्ती मी. दुसरी माझी बायको. म्हणजे फायनान्स कंपनीने कुठलाही नंबर फिरवला तरी घंटा आमच्याच ओटीवर वाजते. विचारलं तर म्हणतो, “दादा, तुम्हाला काय त्रास? नुसता नंबर तर दिलाय.”

हे शास्त्र लिहून काढायचं कारण असं की समोरची बाजू शिकून येते. बँकेच्या वसुली एजंटाला 100 तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं (पदवीधर असेल तर 50 तासांचं), परीक्षा द्यावी लागते आणि इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सचं प्रमाणपत्र मिळवावं लागतं. निदान कागदावर तरी तसं आहे. आपण मात्र हातात खोबरं किसायची खवणी असताना फोन उचलतो आणि “हां, कोण?” म्हणतो. सामना तिथेच हरतो.

नियम पहिला : फोन उचलावा.

याला घरातून विरोध झाला. पण न उचललेला फोन मरत नाही, तो फक्त नंबर बदलतो. आधी मुंबईचा, मग पुण्याचा, मग असा की ज्याचं राज्य कुठलं ते ट्रूकॉलरलाही सांगता येऊ नये. फोन न उचलण्यात बंधुराज निष्णात आहेत आणि म्हणूनच तो मला येतो. कोणीतरी उचलेपर्यंत हा फोन घरोघर फिरतो, एवढं साधं यंत्र आहे ते.

नियम दुसरा : सबब स्थानिक असावी.

‘मीटिंगमध्ये आहे’ ही मुंबईची सबब आमच्या अंजनवेलमध्ये चालत नाही. इथे मीटिंग एकच, ग्रामसभा, आणि तिला कोणी जात नाही हे कंपनीलाही ठाऊक असावं. ‘गाडी चालवतोय’ म्हणावं तर ज्या गाडीचा हप्ता थकलाय तीच चालवतोय असा अर्थ निघतो. त्या मानाने ‘फेरीबोटीत आहे’ ही अस्सल सबब. धोपाव्याहून दाभोळला जाताना इंजिनाच्या धडधडीत शेजारी उभ्या बायकोचाही आवाज येत नाही, ही वस्तुस्थिती आहे. बंधुराजांनी मात्र तिचा विचका केला. खाडी ओलांडायला काही मिनिटं लागतात आणि हे गृहस्थ तीन दिवस बोटीतच होते. चौथ्या दिवशी वसुलीवाल्या मुलीने मला फोन करून काळजीच्या सुरात विचारलं, “सर, ते पोहोचले का?”

आता वेळ. हा नियम मी पाठ केलाय आणि तुम्हीही करावा, कारण गंमत सोडून यात दम आहे. 12 ऑगस्ट 2022 ला रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढलं : थकीत कर्जासाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही. बचत गटातल्या बायका जे मायक्रोफायनान्सचं कर्ज घेतात त्याला आणखी आकसून सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. धमकी नाही, शिवी नाही, चारचौघांत अपमान नाही, आणि कर्जदाराच्या घरच्यांच्या, मित्रांच्या आणि संदर्भ म्हणून नाव दिलेल्या माणसांच्या खाजगी आयुष्यात नाक खुपसायचं नाही. हे शेवटचं वाचून मी उठून उभा राहिलो. संदर्भ म्हणून नाव दिलेली माणसं! बंधुराजांनी नाही, निदान रिझर्व्ह बँकेने तरी माझा विचार केला होता.

एकदा आठला वीस कमी असताना, रात्री, आमटीला फोडणी पडत होती तेव्हा फोन आला. मी परिपत्रक तारखेसकट वाचून दाखवलं. पलीकडे शांतता. मग ती मुलगी म्हणाली, “सर, मी नाही लावला. सिस्टीमने लावला.” आवाजावरून पोर विशीतली, मागे आणखी पन्नासजणी तेच वाक्य बोलतायत. तिला काय बोलणार? “जेवलीस का?” विचारलं. “ब्रेक झाला नाही अजून,” म्हणाली.

जुन्या काळी तगादेदारालाही उपास पडायचा. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने 1819 च्या अहवालात पेशवाईतल्या तगाद्याचं वर्णन केलंय : नुसत्या विनवणीपासून सुरुवात, मग दारात माणूस बसवणं, ऋणकोला जेवू न देणं, आणि शेवटी डोक्यावर दगड देऊन उन्हात उभं करणं. पण धनको स्वतः दारात उपाशी धरणं धरून बसला तर घरातल्याने जेवायचं नाही, अशी रीत. दोघेही उपाशी, ज्याचं पोट आधी बोंबललं तो हरला. इंग्रजांनी 1860 च्या दंड संहितेत देवाच्या कोपाची भीती घालून काम करवून घेण्याला गुन्हा ठरवलं, ते कलम 508, आणि त्यात उदाहरण म्हणून दारात धरणं धरून बसलेला माणूसच घातला. आता धनको मुंबईत आणि उपाशी ती विशीतली पोर.

नियम चौथा : उलटतपासणी. (तिसरा वेळेचा होता, सांगायचा राहिला.)

फोनवरच्या माणसाने प्रश्न विचारायचे आणि आपण उत्तरं द्यायची हा क्रम देवाने घालून दिलेला नाही. आधी आपण विचारावं : तुमचं नाव? एजन्सी कुठली? कंपनीने नेमल्याचं पत्र आहे? एजन्सीचं नाव कंपनीने कर्जदाराला आधी कळवलेलं असायला हवं, आणि दारात येणाऱ्या एजंटाकडे अधिकारपत्र आणि ओळखपत्र असायला हवं. निम्मे फोन इथेच बंद पडतात. उरलेल्यांची नोंद करावी : तारीख, वेळ, नंबर, काय बोलले. मी ती कॅलेंडरच्या मागच्या पानावर, दुधाच्या हिशेबाशेजारी करतो. तक्रार करायची वेळ आली तर आधी कंपनीकडे लेखी करायची, 30 दिवस थांबायचं, आणि उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. त्याचा मदत क्रमांक 14448.

नियम पाचवा : पत्ता सांगताना एनरॉन म्हणू नये.

हा नियम परगावच्या वाचकांना कळायचा नाही. “सर, लँडमार्क?” असं विचारलं की आमच्या तोंडून सवयीने ‘एनरॉन’ निघतं. गोपाळगड आहे, टाळकेश्वर आहे, दीपगृह आहे. पण निघतं एनरॉन. कंपनी बुडाली, नाव बदललं, 2005 पासून तिथे रत्नागिरी गॅस अँड पॉवर आहे, तरी गावाच्या तोंडी जुनंच. (एनरॉनची दाभोळ पॉवर कंपनी आमच्या दारात आणि नाव खाडीपलीकडच्या दाभोळचं, हा सल आहेच. तो पुन्हा कधीतरी.) आणि वसुलीच्या माणसाला हे नाव सांगणं म्हणजे त्याच्या जखमेवर मीठ. कारण बाकी कशाला नाही तरी थकबाकीला अंजनवेलची कीर्ती जगभर आहे.

तरुण मंडळींना माहीत नसेल म्हणून सांगतो. एनरॉनच्या वीज प्रकल्पाचा 740 मेगावॅटचा पहिला टप्पा 1999 साली सुरू झाला. वीज एवढी महाग की राज्य वीज मंडळाचे पैसे थकले. मग दाभोळ पॉवर कंपनीने काय केलं? मंडळाच्या अध्यक्षांच्या मामेभावाला फोन केला? नाही. 2001 च्या सुरुवातीला राज्य सरकारची हमी पुढे केली, ती पुरली नाही तेव्हा केंद्र सरकारची प्रतिहमी. मंडळानेही काही कमी केलं नाही. ठरल्या वेळात पूर्ण ताकदीने वीज दिली नाही म्हणून उलट कंपनीवरच सुमारे 400 कोटींचा दावा लावला. मे महिन्यात प्रकल्प बंद पडला, डिसेंबरात तिकडे अमेरिकेत एनरॉनने दिवाळखोरी जाहीर केली. एवढ्या सगळ्यात कोणी कोणाला रात्री आठ वाजता ‘लाज वाटत नाही का’ असं विचारल्याचं ऐकिवात नाही. वकील बोलले. पुढे नव्या कंपनीच्या डोक्यावरही कर्ज चढलं, त्याचीही धनकोंशी रीतसर तडजोड झाली. तिथवर जायला कर्ज मोठं लागतं. बंधुराजांचं फार लहान पडलं, ही त्यांची खरी चूक.

उलट दाव्याची ही युक्ती मी बंधुराजांना सांगितली नसती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कधी नव्हे तो फोन उचलला आणि फायनान्सवाल्यांना सुनावलं : तुमच्या पैशाची गाडी चढाला दम टाकते, त्यामुळे आंब्याच्या पेट्या वाशीला उशिरा पोचल्या, त्याची नुकसानभरपाई द्या. त्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “नोट केलं सर. पाच तारखेचा हप्ता कधी भरताय?”

आणि खरी गोम इथेच आहे, पाच तारखेत. आमच्याकडे पैसा एप्रिल-मेमध्ये आंब्याचा येतो. जून-जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या. नारळी पौर्णिमेनंतर जाळी पडतात, तोवर गणपती येतात आणि होतं नव्हतं ते चाकरमान्यांच्या पाहुणचारात जातं. हप्ता मात्र बाराही महिने पाच तारखेला, भर पावसातसुद्धा. खात्यात पैसे नसले की हप्ता बाउन्स, बाउन्स झाला की बँकेचा दंड वेगळा, कंपनीचा वेगळा. बंधुराज लबाड नाहीत, आळशी तर मुळीच नाहीत. पहाटे तीनला बर्फ भरून निघतात. कर्ज घेतानाच हप्ते हंगामाला बांधून द्या म्हणायचं असतं, काही ठिकाणी देतातही. पण हे सांगायला जावं तर तो सही करून चावी घेऊन आलेला असतो.

पतसंस्थेला मात्र वरचे रिझर्व्ह बँकेचे नियम लागू नाहीत. ती सहकार खात्याखाली येते, तिथे रिझर्व्ह बँकेचा लोकपाल चालत नाही. तिच्या हातात सहकार कायद्याचं कलम 101 असतं, वसुली दाखला मिळवला की जप्तीपर्यंत जाता येतं. पण ते कलम वापरायची वेळ सहसा येत नाही. तिचा माणूस फोन करत नाही. तो संध्याकाळी ओटीवर येऊन बसतो, चप्पल नीट जोडून ठेवतो, चहा घेतो, आईच्या गुडघ्यांची चौकशी करतो, पोफळीला यंदा कोळेरोग आहे का विचारतो आणि उठताना फक्त म्हणतो, “बघा मग जमलं तर.” त्या रात्री घरात कोणाला झोप लागत नाही. 100 तासांच्या अभ्यासक्रमात हे शिकवतात की नाही कोण जाणे.

नियम सहावा : मोबाइलवरच्या ॲपचं कर्ज घेऊ नये. इथे विनोद नाही. पाच-सात हजार देतात, फोनमधले सगळे नंबर आणि फोटो ओढून घेतात, आणि मग फोटोंची घाण करून नातेवाइकांना पाठवायची धमकी देतात. असा फोन आला तर पैसे भरत बसू नये, सगळं जपून ठेवावं आणि 1930 वर कळवावं. पोरांना लाजेपोटी हे घरात सांगता येत नाही, म्हणून मोठ्यांनी आधी विचारावं.

नियम सातवा : संदर्भ आणि जामीन यांत गल्लत करू नये.

संदर्भ म्हणून ज्याचं नाव आहे तो एका पैशाचंही देणं लागत नाही. फोनवर कोणी “तुम्हीच भरा” म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणावं. जामीनदाराची सही केली असेल तर मात्र कर्ज तुमचंच, आणि धनकोने आधी कर्जदाराला गाठलं पाहिजे असंही नाही. सही करण्यापूर्वी हे वाक्य दोनदा वाचावं.

नियम आठवा : बायकोला बोलू द्यावं. तिने एकदा वीस मिनिटं तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या आमटीची कृती सांगितली. त्या नंबरवरून पुन्हा फोन आला नाही.

शेवटचा नियम कर्ज फिटल्यानंतरचा. यंदा आंब्याने हात दिला आणि बंधुराजांचे दोनच हप्ते राहिलेत. तेव्हा आधीच बजावून ठेवलं : शेवटचा हप्ता भरलास की काम संपलं म्हणून हिंडू नकोस. नाहरकत दाखला घे, आरसी बुकावरचा बोजा उतरव, नाहीतर फिटलेल्या कर्जाचेही फोन येतात. नियमही सांगितला : कर्ज पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत तारणाचे मूळ कागद परत करून बोजा उतरवायचा असतो, आणि कंपनीच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला 5000 रुपये भरपाई तिने कर्जदाराला द्यायची.

बंधुराजांनी हिशेब केला. ओठ हलताना दिसले.

“दादा,” म्हणाले, “म्हणजे आता त्यांना फोन मी करायचा?”