पुढे लख्ख, मागे अंधार

पावसाळ्यात मध्यरात्रीनंतर माळशेज घाट उतरणाऱ्या पिकअप बघा. ओतूर, आळेफाटा, नारायणगाव पट्ट्यातला भाजीपाला आणि टोमॅटोचे क्रेट घेऊन कल्याणच्या नाहीतर वाशीच्या बाजाराला निघालेल्या. टपावर एलईडीचा बार, बंपरवर आणखी दोन दिवे, काचेच्या कडेने निळी पट्टी. आता मागे या. हौद्याखाली चिखलाने लिंपलेले दोन टेललॅम्प, आत पाच पाच वॅटचे बल्ब, आणि त्यातल्या एकावर लोंबणारं ताडपत्रीचं टोक.

मालकाने पैसा खर्च केलाय, पण चुकीच्या टोकाला.

घाटात ढगच रस्त्यावर उतरलेला असतो. त्यात टपावरचा बार लावला की उजेड थेंबांवर आपटून ड्रायव्हरच्याच डोळ्यांत परततो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. म्हणजे हौसेने बसवलेला दिवा नेमका गरजेच्या वेळी बंद करावा लागतो. आणि धुक्यात ज्याचा खरोखर उपयोग, तो मागचा फॉग लॅम्प गाडीला नसतोच. कारण सरळ आहे. तो आपल्याला दिसत नाही. तो मागून येणाऱ्यासाठी असतो, आणि मागून येणाऱ्यासाठी खिशात हात घालायची आपल्याला सवय नाही. तो मागून येणारा आपल्याच गाडीवर आदळणार आहे, एवढं तरी लक्षात घ्या.

हिशेब करा. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११ मीटर. तुमची पिकअप पंक्चर होऊन वळणावर उभी आहे आणि मागच्या ट्रकवाल्याला तुमचा टेललॅम्प २५ मीटरवर दिसला. त्याच्या हातात सव्वादोन सेकंद उरले. पहिला सेकंद नुसतं उमगण्यात जातो. उरले १४ मीटर, तेही ओल्या उतारावर, भरल्या गाडीला. ट्रक थांबत नाही. त्यात धुक्यातली गाडी असते त्याहून लांब वाटते, म्हणजे तो ब्रेकवर पाय आणखी उशिरा ठेवणार.

आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे असं लिहिलंय. कोरड्या, स्वच्छ रात्री दिसतोही. ढगात मात्र उजेड दर काही मीटरला निम्मा होत जातो आणि पाच वॅटचा बल्ब मध्येच संपतो. म्हणून फॉग लॅम्पला २१ वॅटचा बल्ब घालतात. युरोपच्या नियमांत साध्या टेललॅम्पने किमान ४ कँडेला प्रकाश द्यावा आणि मागच्या फॉग लॅम्पने किमान १५०. फरक एवढा मोठा आहे. लाल रंग धुकं कापतो, हा गॅरेजमधला समज सोडून द्या. धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की सगळेच रंग सारखे विखुरतात. लाल फक्त ‘ही गाडीची पाठ आहे’ हे सांगतो. पल्ला मिळतो तो ताकदीमुळे.

ब्रिटनमध्ये १ एप्रिल १९८० पासून रस्त्यावर आलेल्या मोटारींना हा दिवा सक्तीचा आहे. आपल्याकडे कितीतरी पिकअप त्याच्याशिवायच शोरूममधून बाहेर पडतात, आणि मग तो बसवायला माणूस कोपऱ्यावरच्या वायरमनकडे जातो.

तिथे खरी गडबड सुरू होते. ‘शेठ, ब्रेकच्या वायरीतून देतो, पाच मिन्टांत होतंय.’ नाही द्यायचं! ब्रेकच्या वायरीवर जोडलेला दिवा ब्रेक मारल्यावरच पेटणार, आणि धुक्यात तर तो सतत हवा. टेललॅम्पच्या वायरीतून दिला तर चांदण्या रात्रीही जळत राहणार आणि मागच्याचे डोळे दिपवणार. त्याला स्वतंत्र स्विच लागतो, आणि त्या स्विचला करंट हेडलाइटच्या लाइनमधून. म्हणजे हेडलाइट बंद केला की हाही आपोआप बंद.

जोडणी साधी आहे. चार टोकांचा रिले घ्या. ३० नंबरला बॅटरीची वायर, मध्ये साडेसात अँपिअरचा फ्यूज. ८७ वरून दिव्याला. ८६ ला स्विच, ८५ अर्थ. दोन दिवे मिळून साडेतीन अँपिअर ओढतात, एवढ्यासाठी बारीक वायर लावून पैसे वाचवू नका. आणि अर्थ! चॅसीवरचा रंग खरवडून लोखंड चकाकेपर्यंत घासायचं, रिंग टर्मिनल बोल्टने आवळायचं, वरून ग्रीस. रंगावरच स्क्रू पिळून दिलेला अर्थ पहिल्या पावसात गंजतो आणि दिवा ऐन घाटात मिणमिणायला लागतो. वायरमन घाई करत असेल तर शेजारी उभं राहून करून घ्या.

दिवा कुठे लावायचा, हेही ठरलेलं आहे. एकच असेल तर मधोमध किंवा ड्रायव्हरच्या बाजूला, आपल्याकडे म्हणजे उजवीकडे. ब्रेक लाइटपासून किमान १० सेंटिमीटर दूर, नाहीतर त्याच्या झगमगाटात ब्रेक लागल्याचं कळतच नाही. जमिनीपासून पाव मीटर ते एक मीटर उंचीवर, फाळका खाली पाडला तरी झाकला जाणार नाही असा. काचेवर वर्तुळातला ‘ई’ आणि जवळ ‘एफ’ अक्षर असेल तर तो खरोखर मागचा फॉग लॅम्प म्हणून तपासलेला आहे. लुकलुकणारा, रंग बदलणारा, पांढरा झोत टाकणारा असलं काहीही मागे नको. लखलखाटात अंतर कळत नाही आणि पोलिसांनी पावती फाडली तर ती योग्यच आहे.

आणि धुकं संपलं की दिवा बंद. जर्मनीत ५० मीटरपेक्षा कमी दिसत असेल तरच तो लावायची परवानगी आहे, आणि तो लावला की वेगही ताशी ५० च्या आत. टोकावड्याला उतरून आकाश मोकळं झालं, तरी मुरबाडपर्यंत मागच्याच्या डोळ्यांत लाल भाला खुपसत जायचं कारण नाही. म्हणून स्विचला पिवळा इंडिकेटर हवाच. लक्षात ठेवतो म्हणणाऱ्या ड्रायव्हरची पहाटे चार वाजता झोपेशी झटापट चाललेली असते.

दिवे, रिले, फ्यूज, वायर, मजुरी, सगळं मिळून एका नव्या टायरपेक्षा कमी खर्च येतो. गावातल्या एकट्या मालकावर हे ढकलून चालणार नाही. शेतमाल उचलणाऱ्या ज्या कंपन्या आणि व्यापारी हंगामात डझनावारी पिकअप भाड्याने लावतात, ते ताडपत्री फाटकी नको, क्रेट धुतलेले हवेत, अशा अटी घालतातच. जूनच्या आधी त्या यादीत मागचा फॉग लॅम्प घाला. आणि शोरूममध्ये नवी गाडी बघताना म्युझिक सिस्टीमच्या आधी त्याचं विचारा. नाही म्हणाले, तर बुकिंगच्या कागदावर लिहून मागा.